बाप्तिस्म्यानंतरही ‘पापी’? तीन ख्रिस्ती परंपरांची तुलना

बाप्तिस्मा घेण्यापूर्वी किंवा एका मंडळीतून दुसरीत जाण्यापूर्वी बहुतेक जण उपासनेची पद्धत पाहतात आणि प्रवचने ऐकतात; ‘पापी’ या शब्दाचा तिथे नेमका काय अर्थ घेतला जातो, हे मात्र फार थोडे जण विचारतात. माझ्या मते तो प्रश्न सर्वांत आधी विचारावा, कारण चूक घडल्यानंतरच्या रात्री आपण देवासमोर कोण म्हणून उभे राहणार, हे त्याच्या उत्तरावर ठरते.

कॅथलिक, लूथरन आणि ऑर्थोडॉक्स या तिन्ही परंपरांचा पाया एकच आहे. ‘पाप करणे’ या अर्थाचे मूळ हिब्रू क्रियापद ‘नेम चुकणे’ या अर्थानेही येते. बायबलमधील शास्ते या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात केसावर गोफणगुंडा मारला तरी नेम न चुकणारे सातशे डावखुरे योद्धे आहेत, तिथे हेच क्रियापद आहे. पाप म्हणजे केवळ नियमभंग नव्हे, तर ज्या देवासाठी माणूस घडवला गेला त्याच्यापासून ढळणे. म्हणून मराठी कानाला सवयीचा असलेला पापपुण्याचा हिशेब येथे लागू पडत नाही. स्वतःच्या पुण्याच्या बळावर पाप फेडता येते, असे यांपैकी कोणतीही परंपरा मानत नाही; क्षमा ही कृपाच असते.

फरक कळण्यासाठी एक साधा प्रसंग घेऊ. सहकाऱ्याला बढती मिळाल्याची बातमी येते, तोंडून ‘अभिनंदन’ निघते आणि त्याच क्षणी छातीत मत्सराची कळ उठते. ती बोलावलेली नसते, पण असते आपलीच. बाप्तिस्मा झालेल्या माणसाच्या मनातील ही कळ पाप आहे का?

कॅथलिक शिकवणुकीनुसार नाही, निदान अजून तरी नाही. बाप्तिस्म्याने आदिपाप, म्हणजे पहिला माणूस आदाम याच्यापासून जन्मतःच आलेले पाप, खरोखर धुतले जाते. मागे उरते ती पापाकडे ओढणारी वासना, आणि तिला संमती दिल्याशिवाय ती पाप ठरत नाही, असे कॅथलिक ख्रिस्तसभेच्या ट्रेंट येथील धर्मपरिषदेने १५४६ मध्ये स्पष्ट केले. ती कळ जाणूनबुजून गोंजारली, तर पाप सुरू होते. देवाशी नाते तोडणारे घातक पाप ठरण्यासाठी विषय गंभीर असणे, पूर्ण जाणीव असणे आणि स्वेच्छेने संमती देणे या तिन्ही गोष्टी लागतात, आणि अशा पापाची कबुली धर्मगुरूपाशी प्रायश्चित्त संस्कारात द्यावी लागते. क्षमेचे शब्द प्रत्यक्ष कानांवर पडणे ही या परंपरेची मोठी देणगी आहे.

लूथरन उत्तर अधिक कठोर आहे आणि मला ते अधिक सांत्वनदायकही वाटते. ती कळ पापच आहे, कारण पाप कृतीत उतरण्याआधीच देवावरच्या अविश्वासात रुजलेले असते. आउग्सबुर्ग कबुलीजबाब या लूथरनांच्या १५३० च्या श्रद्धापत्रात देवाचे भय आणि त्याच्यावरचा भरवसा नसणे यांना जन्मजात पापाचे लक्षण मानले आहे. पण ख्रिस्तामुळे ते पाप विश्वासणाऱ्याच्या नावावर मांडले जात नाही. म्हणून या परंपरेचा प्रवर्तक मार्टिन लूथर याच्या मते ख्रिस्ती माणूस एकाच वेळी नीतिमान आणि पापी असतो. येथे ‘पापी’ ही आयुष्यभराची ओळख राहते, मात्र ती शिक्षेची नव्हे. लूथरन हे प्रॉटेस्टंटांपैकी एक; पण प्रॉटेस्टंट म्हणजे सगळे एकाच मताचे, असे समजू नये. मेथडिस्ट चळवळीचा जॉन वेस्ली खऱ्या अर्थाने पाप म्हणताना ज्ञात आज्ञेचा स्वेच्छेने केलेला भंग म्हणतो, म्हणजे या प्रश्नावर तो लूथरपेक्षा कॅथलिक बाजूच्या जवळ येतो.

पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स परंपरेचा सूर वैद्याचा आहे. बायबलमधील रोमकरांस पत्रातील पाचव्या अध्यायाचा लॅटिन अनुवाद पश्चिमेकडील धर्माचार्य ऑगस्टीनने ‘आदामात सर्वांनी पाप केले’ असा वाचला. ग्रीक वाचकांना सामान्यतः तेथे ‘कारण सर्वांनी पाप केले’ असा अर्थ दिसला. त्यामुळे पूर्वेकडे आदामाकडून वारशाने येते ते मरण आणि दुबळेपण, त्याचा दोष नव्हे. सातव्या शतकातील सीनायचा मठवासी योहान क्लिमाकस विचाराच्या पायऱ्या सांगतो: विचार येणे, त्याच्याशी बोलत बसणे, त्याला होकार देणे. पहिली पायरी निर्दोष असते. म्हणजे त्या मत्सराला दारातच ओळखायचे. पापांगीकाराच्या, म्हणजे पापांच्या कबुलीच्या वेळी धर्मगुरू साक्षीदार म्हणून शेजारी उभा असतो, आणि लूकच्या शुभवर्तमानातील जकातदाराची ‘मज पाप्यावर दया कर’ ही विनवणी ‘येशूची प्रार्थना’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, पुन्हा पुन्हा म्हटल्या जाणाऱ्या छोट्या प्रार्थनेतून दिवसभर जपली जाते.

निवड करताना स्वतःच्या मनाची ठेवण प्रामाणिकपणे पाहावी. आपण स्वतःला सहज सूट देत असू, तर कबुलीची शिस्त लावणारी कॅथलिक किंवा ऑर्थोडॉक्स वाट उपयोगी पडेल. ‘मी पूर्ण संमती दिली होती का?’ या प्रश्नाने ज्याची झोप उडते, त्याने लूथरन शिकवण आधी समजून घ्यावी, कारण तिथे आधार स्वतःच्या तपासणीत शोधायचा नसतो. मात्र दुसरीकडे गेल्यास आपण धिक्कारले जाऊ, या भीतीने कोणीही निर्णय घेऊ नये. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी कॅथलिक ख्रिस्तसभा आणि लूथरन जागतिक संघ यांनी आउग्सबुर्ग येथे माणूस देवासमोर नीतिमान कसा ठरतो याविषयीच्या संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या, २००६ मध्ये मेथडिस्टही त्यात सामील झाले. त्या मत्सराच्या कळीला पाप म्हणावे की नाही, हा मतभेद तिथे मिटलेला नाही. पण सोळाव्या शतकात दोन्ही बाजूंनी एकमेकांच्या शिकवणुकीचे केलेले धिक्कार त्या घोषणापत्रात मांडलेल्या शिकवणुकीला लागू होत नाहीत, एवढे दोन्ही बाजूंनी लिहून दिले आहे.