बदललेला खुबा पुन्हा बिघडला तर: दुरुस्ती करावी की इम्प्लांट काढावं?

पुण्याहून खुबा बदलून आणलेला आमचा लॅब्राडॉर तिसऱ्या आठवड्यात गुळगुळीत फरशीवर घसरला आणि पाय टेकेनासा झाला. बेळगावात त्याच दिवशी एक्स-रे काढला. नव्या सांध्याचा गोळा (मांडीच्या हाडाकडचा भाग) वाटीतून (कमरेच्या हाडातल्या खळग्यातून) निसटला होता. तेव्हापासून खानापूर-निपाणीकडचे ओळखीचे विचारतात, दुरुस्तीचं ऑपरेशन करायचं की इम्प्लांटच, म्हणजे बसवलेला कृत्रिम सांधाच, काढून टाकायचा?

आधी बिघाडाचं कारण कळू द्या. सुरुवातीच्या आठवड्यांतच सांधा निसटला, हाड शाबूत आहे आणि जंतुसंसर्ग नाही, तर मी दुरुस्तीच्याच बाजूची. कधी भूल देऊन गोळा नुसता परत वाटीत बसवता येतो. पण वाटीचा कोन चुकला असेल तर तो पुन्हा निसटणार. मग वाटी बदलतात किंवा लांब मानेचा गोळा घालतात. आमच्याकडे कोनच बदलावा लागला. मांडीचं हाड मोडलं तर प्लेट आणि तारा येतात. सिमेंटने (हाडात इम्प्लांट पक्कं धरणाऱ्या मिश्रणाने) बसवलेला सांधा काही वर्षांनी ढिला होऊ शकतो, तिथे जुनं सिमेंट काढणं हेच जिकिरीचं.

संसर्ग झाला असेल तर मात्र हट्ट धरू नका. बरेचदा ताप नसतो, नुसतं लंगडणं वाढत जातं, म्हणून तो उशिरा कळतो. बहुतेक वेळा इम्प्लांट आणि सिमेंट दोन्ही काढून, कल्चर (कोणते जंतू आहेत याची तपासणी) करून अँटिबायोटिक द्यावी लागतात.

काढलं म्हणजे कुत्रा तीन पायांवर आला, असं नाही. स्नायूंच्या आधाराने तिथे एक कामचलाऊ सांधा तयार होतो. पाय जरा आखूड पडतो. हलक्या कुत्र्यांना हे छान जमतं. 35-40 किलोच्या जर्मन शेफर्डला जिना आणि उडी जड जाते.

घरच्यांसाठी खरा फरक नंतरच्या दिवसांत आहे. दुरुस्तीनंतर सहा ते आठ आठवडे छोट्या खोलीत, बाहेर फक्त पट्ट्याला धरून. काढल्यानंतर उलट: टाके भरू लागताच रोज थोडं थोडं चालवायचं, नाहीतर पाय आखडतो. ऊसतोडीत सगळं घर शेतावर असेल, तर दोन्हींत कुणीतरी एकजण घरी लागतोच, हे आधी ठरवा. फरशीवर सतरंज्या नकोत, त्या सरकतात. रबरी मॅट अंथरा.

पुण्याला जाताना ऑपरेशनपूर्वीचे आणि नंतरचे सगळे एक्स-रे सोबत घ्या. अशा किती दुरुस्त्या केल्यात, हे सर्जनना सरळ विचारा. आणि हीसुद्धा फसली तर पुढे काय, तेही.