फुंक मारायचं मशीन: आठ महिन्यांचा अनुभव

सावद्याला माझ्या सहा गाड्या आहेत. केळी भरून दिल्ली, इंदूर, वाशी. ड्रायव्हरनं स्टेअरिंगला हात लावण्याआधी दारू तपासायच्या मशीनमध्ये फुंक मारायची, हा नियम केला आणि त्यापायी दोन मशीनं घेऊन झाली.

पहिलं ऑनलाइन मागवलं. चौदाशे रुपये, सेमीकंडक्टर सेन्सर. आठवडाभरात मुक्ताईच्या वारीला जाणाऱ्या आमच्या माळकरी ड्रायव्हरच्या फुंकेवर लाल दिवा लागला. म्हणाले, "भो, उभ्या जन्मात थेंब घेतला नाही मी." डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. खोकल्याचं औषध घेऊन आले होते. वीस मिनिटांनी पुन्हा फुंकलं, शून्य. औषधातलं अल्कोहोल थोडा वेळ तोंडात राहतं, म्हणून काही खाल्लं-प्यायलं की पंधरा मिनिटं थांबायचं असतं. हे डब्यातल्या कागदावर लिहायला नको? मी चारचौघांत त्यांची माफी मागितली. पुढे त्याच मशीननं एकाच माणसाला पाच मिनिटांत दोन वेगळे आकडे दाखवले, तेव्हा ते बंदच केलं.

दुसरं फ्युएल सेल या वेगळ्या प्रकारच्या सेन्सरचं, साडेअकरा हजारांचं. हे घ्या. आकडा स्थिर येतो, प्रत्येकाला नवी नळी लावता येते. मोटार वाहन कायद्याच्या कलम 185 प्रमाणे 100 मिली रक्तात 30 मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल म्हणजे गुन्हा. या मशीनवर तो आकडा ग्रॅममध्ये, म्हणजे 0.030 असा दिसतो. पहिल्याच वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 10,000 रुपये दंड, किंवा दोन्ही. माझ्याकडे मात्र शून्यच चालतं.

लग्नसराईत पहाटे सहाला एका पोराचा आकडा 0.041 आला. रात्री घेतली होती, झोपून उठला होता, बोलणं-चालणं एकदम नीट. मशीन नसतं तर मीच त्याला बऱ्हाणपूरच्या रस्त्याला लावला असता. लिंबूपाणी, आंघोळ, कडक चहा, कशानं काही उतरत नाही. शरीर 100 मिली रक्तामागे तासाला साधारण 15 मिलिग्रॅमच काढतं. साडेनऊला शून्य आलं तेव्हा गाडी सुटली. व्यापाऱ्याची बोलणी मी खाल्ली, पोराचा भत्ता कापला नाही. तेव्हापासून पोरं आदल्या दिवशीच फोन करतात, "शेठ, उद्या दुसरा बघा."

दोन उणिवा सांगतो. गांजा किंवा जागं राहायच्या गोळ्या यात कळत नाहीत, आणि 185 मध्ये नशेची औषधंही येतात. त्यासाठी लघवीच्या तपासणीचे किट वेगळे. दुसरं, सहा महिन्यांनी कॅलिब्रेशनला, म्हणजे आकडा बरोबर येतो का ते तपासून जुळवायला, मशीन पुण्याला पाठवलं तर बारा दिवस आलं नाही. जळगावात सोय असलेला विक्रेता मिळाला तर दोन हजार जास्त द्या, पण त्याच्याकडूनच घ्या.