सनमायक्याच्या ट्रिमरवर जडावकाम: मशीन ठेवा, बेस बदला

मकिता 3709 किंवा त्याच जातीचा ट्रिमर मिस्त्रींकडे असतो तो सनमायक्याच्या कडा मारायला. 530 वॅट, मिनिटाला 30,000 फेरे, 6 मिमीचा कोलेट (बिट, म्हणजे कापणारं पातं, धरणारी पकड), वजन साधारण दीड किलो. चौरंग, पाट, देवघराच्या दारावर जडावकाम (लाकडात खाच मारून तीत दुसऱ्या रंगाच्या लाकडाचा तुकडा बसवणं) करायचं तर वेगळं महागडं राउटर, म्हणजे खाचा मारायचं मोठं मशीन, घ्यायची गरज नाही. मोटर भरपूर आहे. कमी पडतो तो बेस, म्हणजे लाकडावर सरकणारा खालचा भाग.

मूळ प्लेट काढून तिच्याच स्क्रूंवर 6 मिमी पारदर्शक अॅक्रिलिकची, हाताला टेकायला जागा राहील एवढी मोठी प्लेट बसवा. तिच्या मधोमध पितळी बुश (बिटाभोवतीची नळी, जी फर्म्याच्या कडेला टेकून फिरते) हवा: बाहेरून 10 मिमी, आतून 7 मिमी, प्लेटखाली 5 मिमी बाहेर. फर्मा, म्हणजे नक्षीचा आकार आरपार कापलेला साचा, 6 मिमी एमडीएफचा घ्यायचा, म्हणजे बुश लाकडाला घासत नाही. बुशवर हाताने दाबून बसेल अशी कडी लागते, आतून 10 आणि बाहेरून 16 मिमी. कडीची जाडी बिटाच्या व्यासाएवढी, इथे 3 मिमी, असलीच पाहिजे. सगळं गणित त्यावर उभं आहे. कडी लावून खाच मारायची, कडी काढून त्याच फर्म्यात तुकडा कापायचा, दोन्ही माप जुळतात. प्रत्यक्षात मात्र लेथवाल्याकडून कडी बाहेरून 16 ऐवजी 15.9 मिमीची करून घ्या. खाच प्रत्येक बाजूला 0.05 मिमी मोठी होते आणि फेविकॉलला जागा मिळते. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीकडे यंत्रमागाचे सुटे भाग करणाऱ्याला हे काम नवं नाही, फक्त माप कागदावर लिहून द्या. तोंडी सांगितलेलं ‘सोळा’ हे सोळाच निघतं.

बुश मध्यावर आणायला कोलेटात सरळ 6 मिमीची सळई धरून स्क्रू आवळा. तरी थोडा फरक उरतो. म्हणून प्लेटच्या एका कडेला मार्करने ठिपका द्या आणि कापताना तो कायम आपल्याकडेच ठेवा. मशीन हातात फिरलं की तो फरक फटीत दिसतो.

नक्षी फर्म्यापेक्षा सगळीकडून 6.5 मिमी लहान येते. आतल्या कोपऱ्यांना फर्म्यात किमान 8 मिमी गोलाई ठेवा. टोकदार ठेवलात तर तुकड्याचा कोपरा टोकदार आणि खाचेचा गोल निघतो, मग पटाशी घेऊन बसा. 16 मिमीपेक्षा अरुंद गळ्यात कडी शिरतच नाही. त्यामुळे सोलापुरी चादरीवरचा मोर त्याच्या पायऱ्या-पायऱ्यांच्या कडांसकट या पद्धतीने उतरणार नाही. पानं, कोयरी, कमळ झकास येतात.

खाच 2.5 मिमी खोल, तुकडा 3 मिमी जाड. एका फेरीत 1 मिमीच्या पुढे जाऊ नका, 3 मिमीचा बिट मोडतो. मशीन दोन्ही वेळा फर्म्याच्या आत घड्याळाच्या दिशेनेच फिरवा, मग ते आपोआप फर्म्याकडे ओढलं जातं. खाच मारताना हात आत सरकला तर बिघडत नाही, तेवढं लाकूड जायचंच असतं. तुकडा कापताना सरकला तर तुकडा गेला. या मशीनवर बहुतेक माल इथेच वाया जातो. तुकड्याचं लाकूड खालच्या फळीला दुहेरी टेपने पूर्ण चिकटवा, नाहीतर शेवटच्या मिलिमीटरला तो उडतो.

तक्रारी दोन. खोली बसवायला बारीक चाक नाही, बेस हाताने सरकवून आवळावा लागतो. टाकाऊ तुकड्यावर कापून कॅलिपर लावल्याशिवाय खऱ्या लाकडाला हात लावू नका. दुसरी, वेग कमी करता येत नाही. 3 मिमीच्या बिटाला तो चालतो, पण हात रेंगाळला की सागवान काळं पडतं. पंख्याचा रेग्युलेटर जोडायचा उद्योग करू नका, जळेल. आणि अॅक्रिलिकची जाडी बिटाची लांबी खाते, तेव्हा लांब दांड्याचेच बिट घ्या.

सागात हळदूचा पिवळा आणि शिसमाचा काळा तुकडा उठून दिसतो. मात्र शिसमाची भुकटी हळदूच्या रंध्रांत बसते, म्हणून पॉलिश पेपरआधी लाखेचा एक हात द्या. फेविकॉलचा पातळ थरच लावा. जास्त पाणी पिऊन तुकडा फुगतो आणि अर्ध्यात अडकतो. पावसाळ्यात आणलेलं लाकूड लगेच जडवलं तर एप्रिल-मेच्या चाळिशीपारच्या उन्हात आकसून फट पडते. तुकड्याच्या रेषा फळीच्या रेषांच्याच दिशेने ठेवा.