कॉलर माइक की बूम आणि रेकॉर्डर?

सांगलीच्या हळदीच्या सौद्यांवर माहितीपट करणारी मैत्रीण अडली आहे: पैसे एकाच संचापुरते, मग कपड्याला लावायचा वायरलेस कॉलर माइक घ्यावा की शॉटगन माइक (समोरच्या दिशेचाच आवाज टिपणारा), तो वर धरायची काठी म्हणजे बूम आणि झूम एफ३ सारखा रेकॉर्डर?

सौद्यात एक जण कुजबुजतो, शेजारचा ओरडतो. एफ३ ३२-बिट फ्लोटमध्ये, म्हणजे अगदी हळू ते अगदी मोठा आवाज एकाच फाइलीत मावेल अशा पद्धतीने रेकॉर्ड करतो, म्हणून लेव्हल चुकली तरी एडिटला आवाज सावरता येतो. मात्र माइकच्या क्षमतेपलीकडचा आवाज आला, तर फाटलेला आवाज फ्लोटही दुरुस्त करत नाही. शिवाय डीजेआय माइक २ या वायरलेस कॉलर माइकच्या ट्रान्समीटरमध्येही (बोलणाऱ्याच्या अंगावरचा भाग) आता फ्लोट रेकॉर्डिंग आहे. २.४ गिगाहर्ट्झचा सिग्नल गर्दीत माणसांच्या अंगांमुळे तुटतो, तेव्हा आतली ही फाइल खरी कामाला येते.

गर्दीत तोंडाजवळचा माइकच जिंकतो. पण बाई बोलत असतील तर पदर घासतो, आणि कासच्या पठारावरच्या वाऱ्यात तर केसाळ विंडशील्डशिवाय दोन्ही निकामी.

खर्च बूमचाच जास्त: माइक, केबल, काठी, वर धरणारा माणूस. टिकाऊपणात मात्र एफ३ पुढे, कारण तो दोन पेन्सिल सेलवर चालतो. कॉलर माइकची बॅटरी आत बंद असते, थकली की पंचाईत. रेकॉर्डरचा आवाज कॅमेऱ्याच्या चित्राशी जुळवायची (सिंकची) भीती नको. टाळी वाजवा, दाविंची रिझॉल्व्ह हे एडिटिंगचं सॉफ्टवेअर वेव्हफॉर्मवरून, म्हणजे आवाजाच्या आलेखावरून, जुळवतं.

एकटीने फिरून मुलाखती घ्यायच्या असतील तर कॉलर माइक. सोबतीला माणूस असेल आणि यार्डाचा, पोत्यांचा, हमालांचा आवाजही हवा असेल तर बूम आणि रेकॉर्डर.