काळ्या रानातला प्लॉट घ्यावा का माळावरचा मुरमाचा? सोलापुरात घर बांधणाऱ्यांसाठी

सोलापुरात प्लॉट बघताना सगळे रस्ता, नळ आणि भाव विचारतात, खाली माती कुठली हे फारसं कुणी विचारत नाही. समजा दोन प्लॉट आहेत, एक काळ्या मातीचा स्वस्त, दुसरा मुरमाचा महाग.

काळी माती नुसती मऊ असती तर एवढी काळजी नव्हती. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं, त्याच्या थरांत पाणी शिरलं की माती फुगते आणि वाळली की आकसते, म्हणून तर मे महिन्यात रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. घराखाली पण हेच होतं, फक्त सगळीकडं सारखं होत नाही, मधला भाग झाकलेला म्हणून ओलसर राहतो आणि कडेच्या भिंतींखालची माती दरवर्षी खालीवर होते, मग खिडकीच्या कोपऱ्यातून तिरका तडा जातो, पावसाळ्यात दार घासायला लागतं. एकच मजला आहे, काय होतंय असं लोक म्हणतात पण उलट आहे, हलकं घर माती सहज उचलते, जड इमारत निदान तिला दाबून तरी धरते.

मुरूम म्हणजे आपला बेसॉल्ट खडकच झिजून झालेला. सहसा फुगत नाही, भार चांगला घेतो, साध्या फुटिंगवर, म्हणजे खांबाखालच्या पसरट पायावर भागतं. कडक खडक लागला तर हौद खणायला ब्रेकर लावावा लागतो, आणि आपल्याकडं नळाला रोज पाणी नाही म्हटल्यावर हौद लागणारच. खरी भीती भरावाची. वरून मुरूम दिसतो आणि खाली बुजवलेली विहीर किंवा नाला निघतो, अर्धं घर भरावावर अर्धं मूळ जमिनीवर आलं की तडे ठरलेलेच.

म्हणून इसार देण्याआधी मालकाला विचारून जेसीबीनं दहा-बारा फूट खड्डा घ्या. काळ्या मातीचं ढेकूळ फोडल्यावर आत गुळगुळीत चकचकीत पापुद्रे दिसले तर समजा ती माती फुगून-आकसून आतल्या आत सरकत आलीय. लॅबमध्ये फ्री स्वेल टेस्ट पण करून घ्या, 10 ग्रॅम माती पाण्यात, 10 ग्रॅम रॉकेलमध्ये, 24 तासांनी पाण्यातली माती रॉकेलमधल्या मातीपेक्षा 50 टक्क्यांहून जास्त फुगलेली दिसली तर प्रकरण गंभीर.

चार-पाच फुटांवर मुरूम लागला तर माझं मत स्वस्त काळ्या प्लॉटलाच, फुटिंग मुरमात टेकवा, प्लिंथ बीम म्हणजे जोत्याच्या तुळईखाली मोकळी फट ठेवा. खोल काळी असेल तर अंडर-रीम्ड पाइल, म्हणजे जमिनीत खोल उतरवलेले काँक्रीटचे खांब, रूरकीच्या सीबीआरआय या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेनं अशाच मातीसाठी पुढं आणलेली पद्धत. खाली खांबाच्या साधारण अडीचपट रुंद फुगवटा असतो, खोली निदान साडेतीन मीटर, म्हणजे ऋतूप्रमाणे ओलावा बदलतो त्याच्या खाली तो अडकून बसतो. दोन्ही प्लॉटवरच्या पायाचं कोटेशन काढा, जादा खर्च जमिनीच्या भावातल्या फरकापेक्षा जास्त येत असेल तर मुरमाचाच घ्या, उगाच मोह नको.

काळ्यावर दोन ब्रास मुरूम पसरून वर फुटिंग ठेवणं मात्र नकोच, त्या मुरमात पाणी साचतं आणि खालची काळी आणखी फुगते. आणि हौद, सेप्टिक टँक भिंतीला चिकटून बांधू नका, गळका हौद एकाच कोपऱ्याखालची माती बारा महिने भिजवत राहतो.