दुसऱ्याचे मेल तुमच्या इनबॉक्समध्ये: कळवायचं, बाजूला काढायचं की खातंच बंद करायचं?

दुसऱ्या कुणाचे मेल तुमच्याकडे येऊ लागले, की खातं फोडलं गेलं का अशी शंका येते. ती आधी दूर करू. जीमेलमध्ये पत्त्यातली टिंबं धरली जात नाहीत. 'नाव.आडनाव' आणि 'नावआडनाव' हा एकच पत्ता, आणि तो तुमचाच. त्यामुळे असे मेल आले म्हणजे खातं फोडलं गेलं असं नाही. बहुतेकदा ज्याचे ते मेल असतात, त्याच्या पत्त्यात आडनावापुढे एखादा आकडा असतो, तो फॉर्म भरताना राहून जातो. ऑफिसच्या किंवा कॉलेजच्या डोमेनवर मात्र टिंबाने पत्ता बदलतो.

बँक स्टेटमेंट, विमा पॉलिसी, लॅबचा रिपोर्ट, परीक्षेचं हॉल तिकीट असं काही असेल, तर पाठवणाऱ्याला कळवणं हाच आमच्या मते योग्य मार्ग. त्या कागदाची कुणीतरी वाट पाहत असतं. 'नो-रिप्लाय' पत्त्यावर उत्तर देऊन उपयोग नाही. संस्थेची वेबसाइट स्वतः उघडून तक्रार निवारणाचा मेल शोधा. फोन केलात तर नोंदणीकृत मोबाइल नंबर मागतात आणि तिथंच गाडं अडतं. मेल मात्र त्याच पत्त्यावरून जातो, म्हणून तोच पुरावा ठरतो. मजकूर एवढाच पुरे:

'हा ईमेल पत्ता माझा आहे. ज्या ग्राहकाची कागदपत्रं इथं येतात, तो मी नाही. त्याच्या नोंदीतून हा पत्ता काढावा.'

सोबत मेलमधला संदर्भ क्रमांक द्या. अटॅचमेंट पुढे पाठवू नका, स्वतःचं आधार-पॅन देऊ नका. पीडीएफला पासवर्ड असेल तर अंदाज लावत बसू नका.

जाहिराती आणि ऑफर्ससाठी अनसबस्क्राइब पुरतं. जीमेलवर दिवसाला 5000 पेक्षा जास्त मेल पाठवणाऱ्यांना 2024 पासून जाहिरातींच्या मेलमध्ये एका क्लिकची सोय देणं भाग आहे. बिलं, पावत्या, ओटीपी यांना ती सोय नसते.

तिथं फिल्टर, म्हणजे ठरावीक मेल आपोआप बाजूला काढणारा नियम, कामाला येतो. कॉम्प्युटरवर मेल उघडा, तीन टिंबांच्या मेनूतून 'फिल्टर मेसेजेस लाइक दीज' निवडा, मग 'स्किप द इनबॉक्स' आणि एक लेबल. मोबाइल ॲपमध्ये फिल्टर बनवता येत नाही. पाठवणारी बँक तुमचीही असेल, तर शब्दांच्या रकान्यात त्या माणसाचं नाव टाका, नाहीतर तुमचंही स्टेटमेंट लेबलखाली जाईल. स्पॅमचं बटण सोपं वाटतं, पण त्याने पुढे तुमच्याच बँकेचा मेल स्पॅममध्ये पडू शकतो.

'फरगॉट पासवर्ड' वापरून त्याच्या खात्यात शिरायचं आणि ते बंद करायचं, हा मार्ग सर्वांत झटपट दिसतो. तो टाळाच. पत्ता तुमचा असला तरी खातं दुसऱ्याचं आहे. परवानगीशिवाय आत शिरणं माहिती तंत्रज्ञान कायदा 2000 च्या कलम 43 आणि 66 खाली येऊ शकतं. कलम 66 मध्ये 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 5 लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही आहे. शिवाय त्याचं सामान वाटेत असेल, तिकीट काढलेलं असेल.

'ईमेल पडताळा' असा मेल आला तर पडताळणीची लिंक दाबू नका. 'पेमेंट अयशस्वी, कार्ड अपडेट करा' हा मेल कंपनीचा खरा असला, तरी खातं तुमचं आहे का ते आधी बघा. कार्ड टाकलं की दुसऱ्याचं बिल तुम्ही भरत राहाल.

तुमचा पत्ता कुणाच्या गूगल खात्याला रिकव्हरी ईमेल म्हणून जोडल्याची सूचना आली, तर ती मात्र दुर्लक्षू नका. पाठवणाऱ्याचा पत्ता तपासा आणि मेलमधल्या पर्यायाने जोडणी तोडा. नाहीतर उद्या तो पासवर्ड विसरला, की त्याचा कोड तुमच्याकडे येईल आणि तो स्वतःच्याच खात्याबाहेर अडकेल.