युरिडियम की पॅराड्रॉइड?

जुन्या मशीनचे गेम आजच्या संगणकावर चालवणारा एम्युलेटर बसवलाय, जॉयस्टिकही मिळालीय आणि कमोडोर ६४ या ऐंशीच्या दशकातल्या घरगुती संगणकावरचा एकच अंतराळातला गेम आधी खेळायचाय, तर बहुधा या दोन नावांपाशी गाडी अडते. दोन्ही अँड्र्यू ब्रेब्रूक या प्रोग्रामरचे, दोन्ही ह्यूसन कंपनीने काढलेले. पॅराड्रॉइड १९८५चा, युरिडियम १९८६चा.

बघणाऱ्यावर छाप पाडायची असेल तर युरिडियमच. मान्टा विमान अजस्र युद्धनौकेच्या पाठीवरून सुसाट सुटतं, दांडी उलट ओढली की कोलांटी घेऊन मागे फिरतं, आणि खालचा पत्रा सरकताना कुठे अडखळत म्हणून नाही. अशा पंधरा नौका, सगळ्या धातूंच्या नावाच्या. माझा भाचा खुर्ची ओढून बघत बसला होता.

पण त्या भिंती! नौकेवरचं कुठलं बांधकाम खालीच राहणार आणि कुठलं विमानाला आडवं येणार, हे सावलीवरून ओळखायचं. पूर्ण वेगात मला ते एकदाही वेळेत कळलं नाही. नौका पाठ झाल्या की जमतं म्हणतात, जमतही असेल. पण शत्रूने पाडलं तर मी मुकाट पुन्हा सुरू करतो, भिंतीवर आपटलो की जॉयस्टिक फेकावीशी वाटते. दोन आठवड्यांत गेम बंद केला.

पॅराड्रॉइडमध्ये मरतो तो माझ्या हावेपायी. आपण ००१ नंबरचा किरकोळ यंत्रमानव, दुसऱ्यांवर कब्जा करून त्यांनाच चालवणारा. आठ जहाजांवर बिघडलेले यंत्रमानव साफ करायचे. आकडा मोठा तितका गडी भारी, आणि भिंतीआडचा दिसतच नाही. तुम्ही दोनशेच्या घरातला धरलाय, समोर दारातून ७११ येतो. बटण दाबून धरून धडक दिली की कब्जासाठी बारा तारांचा पट उघडतो. बाजू निवडायची, तारांत ठिणग्या सोडायच्या, वेळ संपताना ज्याच्या रंगाचे दिवे जास्त तो जिंकला. हरलात तर धरलेला जळतो आणि तुम्ही परत ००१. जिंकलात तरी भारी गडी फार वेळ ताब्यात राहत नाही.

खोट यातही आहे. गोळी आणि कब्जा एकाच बटणावर, त्यामुळे घाबरून बटण दाबून धरलं की भलतंच होतं. त्याची सवय मात्र मला तासाभरात झाली.

हात चपळ असेल आणि रोज दहाच मिनिटं मिळत असतील तर युरिडियम घ्या, मी अडवणार नाही. माझ्याकडे पॅराड्रॉइडचं चिन्ह डेस्कटॉपवर आहे, युरिडियम कुठल्या फोल्डरात गेला ते शोधावं लागेल.